गावकीची खोली आणि हाताची चव

माझं शाळेतलं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण पुढे मी थोरल्या मुलाबरोबर सातवी केली, लेकीबरोबर दहावी केली, आणि मधे बरीच वर्षं खंड पडून आता नातीबरोबर एम.ए. करते आहे. पद्धत सोपी. ती मोठ्याने वाचते, मी वाल सोलते, आणि पटलं नाही की मधेच तोंड घालते. मुलांचे पाठ घ्यायची तेव्हा मला स्वतःला कळलं नाही तरी ओरडता यायचं. नातीवर ओरडता येत नाही, म्हणून समजून घ्यावं लागतं. माझं शिक्षण वाढलं ते असं.

नात मुंबईला समाजशास्त्र शिकते. यंदा शिमग्याला चार दिवस आधीच आली, तीही लॅपटॉप काखेत मारून. मी म्हटलं, होळीत टाकायला आणलास की काय? तर नाही. सुट्टी संपली की वर्गात तिला एका मुलाशी वाद घालायचा होता. विषय असा, की अमेरिकेत गोरे आणि काळे एकाच देशात राहतात, तरी त्यांच्या शिकण्यात, नोकरीत, घरादारात एवढा फरक का? तो मुलगा म्हणणार, फरक घरच्या वळणाने पडतो. ज्या लोकांच्या जशा सवयी, तसं त्यांचं होतं. ही म्हणणार, फरक रचनेने पडतो.

"रचना म्हणजे काय गो?" मी विचारलं.

"म्हणजे आजी, कुठल्या वस्तीत घर घेऊ दिलं, कुठल्या शाळेत बसू दिलं, कुणाच्या ओळखीने काम लागलं, हे सगळं. ते आधी कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. मग दोन पिढ्या गेल्या की ठरवणारा दिसत नाही, नुसता फरक दिसतो. आणि लोक म्हणतात, ही माणसंच तशी."

"आणि ते रक्तातच असतं म्हणणारे संपले का?"

"संपले नाहीत. पण आता शहाणं माणूस तसं उघड म्हणत नाही."

"मग काय म्हणतं?"

"वळण म्हणतं," नात म्हणाली आणि हसली.

तिची तयारी करून घ्यायची म्हणून मी तो मुलगा व्हायचं ठरवलं. पडवीत पाय पसरून बसले, वालाचं सूप मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "अमेरिका मी काही बघितलेली नाही. आपण आपल्याच गावचं घेऊ."

आमचं गाव महाड आणि पोलादपूरच्या मधे, हायवे सोडून थोडं आत. वाड्या दोन. खालची वाडी आमची, ओढ्याकाठची, सपाट भातशेतीची. वरची वाडी डोंगरावर, नाचणी-वरीची. गंमत बघा, राहायला वरचे ते मानाला खालचे. कागदावर विचाराल तर जात एक, देव एक, पण सोयरीक कधी झालेली नाही. आमच्याकडचे मुंबईत कोण ऑफिसात, कोण बँकेत, एक मास्तर, दोघी नर्स, आणि जे गावी राहिले ते एमआयडीसीत शिफ्टला जातात. वरच्या वाडीतले मात्र झाडून सगळे हॉटेलात. मुंबई घ्या, पुणे घ्या, सुरत घ्या, वरच्या वाडीचा माणूस शोधायचा तर हॉटेलच्या मागच्या दाराने आत जायचं.

"आता सांग," मी नातीला म्हटलं, "एकच डोंगर, एकच पाणी, एकच देव. मग सगळेच्या सगळे आचारी कसे झाले? त्यांच्या हाताला चव आहे म्हणून. आपल्या गावातलं एक लग्न दाखव, ज्यात वरचा म्हातारा आचारी नव्हता. याला वळण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तुझ्या रचनेने मिठाचा अंदाज येतो का?"

नात अडकली. मला आतून गुदगुल्या झाल्या. एम.ए.ची मुलगी अडकवणं काही रोज होत नाही.

मग ती म्हणाली, "पण त्या म्हाताऱ्याची नात कुठे आचारी आहे?"

ती मुलगी मला ठाऊक होती. हायस्कुलात ह्या दोघी एकाच बाकावर. वरची पहिली यायची आणि आमची तिसरी. वरच्या मुलीने महाडच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, मग वर्षभर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम केलं. पहाटे डोंगर उतरून नाक्यावर कंपनीच्या बसला उभी असायची. आता तिला मुंबईत चांगल्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. आठ दिवसांनी रुजू व्हायचं होतं, आणि झोपायला जागा नव्हती. मुंबईत त्यांचं कोणी नाही का? आहेत की. पण ते सगळे हॉटेलात राहणारे पुरुष. तिथे मुलीने जायचं कुठे?

आणि इथे आमची गावकीची खोली येते. आमच्याकडे गावोगाव ही पद्धत आहे. पणजोबांच्या काळात गावाने मिळून मुंबईला चाळीत खोली घेऊन ठेवायची. गावचा पोरगा नोकरी शोधायला गेला की तिथे पथारी टाकायची, खानावळीत जेवायचं, आणि काम लागेपर्यंत वाट बघायची. आमच्या गावकीच्या दोन खोल्या आहेत, भिंतीला भिंत. एक पुरुषांची. दुसरी अलीकडे शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुलींना दिली. त्यात खाटा चार, मुली तीन. चौथी खाट रिकामी.

"त्या खोलीत तू कुठे झोपतेस गो?" मी नातीला विचारलं.

"खिडकीपाशी."

"म्हणजे तुझ्या रचनेला खिडकीसुद्धा आहे."

नात लाल झाली. म्हणाली, "तेच तर म्हणते आहे मी! तिने अर्ज दिलाय. धाकट्या आजोबांनी सांगितलं, नियमात बसत नाही."

धाकटे आजोबा म्हणजे माझे धाकटे दीर, गावकीचे अध्यक्ष. नियम असा, की शिमग्यात देवाची पालखी ज्यांच्या दारात जाते, त्यांचीच खोली. आणि पालखी वरच्या वाडीत जात नाही. तिथले लोक खाली येऊन दर्शन घेतात. कधीपासून? सगळे म्हणतात, पहिल्यापासून. शेवटचं काय ते पालखी निघायच्या दिवशी, गावकीच्या सभेत ठरणार होतं. हातात तीन दिवस.

"चल वर," नात उठली. "मी मुलाखत घेते."

आता वर सिमेंटचा रस्ता आहे. गॅस सिलिंडरच्या टेम्पोत पुढे बसून गेलो. म्हातारा अंगणात लसूण सोलत होता. मला बघून उठायला लागला, मी म्हटलं बसा, लग्नाचं आमंत्रण नाही घेऊन आले, परीक्षा घ्यायला आलोय. त्याची नात चहा घेऊन आली. माझ्या नातीने वही उघडली.

"आजोबा, तुमच्या वाडीतले सगळे हॉटेल लाइनमध्येच का गेले?"

"आमच्या हाताला चव हाय म्हनून," म्हातारा म्हणाला.

मी नातीकडे बघितलं. एक गुण मला.

"पण पहिल्यांदा मुंबईला गेलात तेव्हा स्वयंपाक येत होता का?"

"कुटला येतोय! आय जिती व्हती तवर चुलीपाशी कोन जातो? पयल्या दिशी शेटनी सांगितलं, आमटीत मीठ टाक. मी मूठभर टाकलं. मंग सा म्हैनं मला बटाट्यांशिवाय कशाला हात लावू दिला नाय."

"मग हॉटेलातच का गेलात?"

"झोपाया."

नातीने ते लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"झोपाया गो," म्हातारा समजावून सांगायला लागला. "हाटेल बंद झालं का टेबलं जोडून झोपाया भेटायचं. न् दोन टायमाला पोटाला. गोदीत काम व्हतं, गिरनीत व्हतं, पन थितं हजेरी लागंपरत दोन-चार म्हैनं कळ काढाया लागायची. तवर ऱ्हावाचं कुटं? मी हाटेलात ऱ्हायलो, मंग भावाला आनला, मंग चुलत्याच्या पोरांना. ज्याला झोपाया जागा नाय तो हाटेलात."

आणि मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाला, "मी न् तुमचं मालक एकाच यष्टीनं गेलो, वैनी. तुमाला म्हाईत असंल."

मला माहीत नव्हतं.

महाडच्या स्टँडवर दोघं एका बाकड्यावर बसले. वाटेत माझ्या सासूने बांधून दिलेली भाकरी अर्धी अर्धी खाल्ली. मुंबईत उतरल्यावर हाही त्यांच्या मागोमाग खोलीवर गेला, गावचा माणूस गावच्या खोलीत जाणार नाही तर कुठे जाणार? दारात जाणत्या माणसांनी विचारलं, कुठल्या वाडीचा? पालखी येते का तुझ्या दारात? हा म्हणाला, नाही. तर म्हणाले, मग इथे नाही.

"आणि हे?" मी विचारलं.

"त्ये काय करनार? त्यांचाबी पयलाच दिस. खाली बघत ऱ्हायलं."

ह्यांना नोकरी लागायला चार महिने गेले होते, हे मला माहीत होतं. ते हालाचे दिवस म्हणून हे नेहमी सांगायचे. चार महिने वाट बघता येणं हीसुद्धा एक चैन असते, असं कधी माझ्या मनात आलं नाही. आणखी एक मला आठवलं. हे मुंबईहून आले की एका हॉटेलातल्या उसळीचं फार कौतुक करायचे. दर रविवारी तिथेच जातो म्हणायचे, आपल्या गावचा माणूस आहे तिथे. मला वाटायचं, माझ्या उसळीला नावं ठेवतात. एकदा तर मी रागावून आठवडाभर उसळच केली नव्हती.

नातीने इकडे वही मिटली. चेहरा असा, की वाद जिंकून मोकळी. म्हाताऱ्याला म्हणाली, "बघा आजोबा, म्हणजे तुमच्या हाताला चव वगैरे असं काही नव्हतंच. खोली मिळाली नाही म्हणून तुम्ही आचारी झालात."

म्हाताऱ्याने हातातला लसूण खाली ठेवला.

"काय नव्हतं?"

"म्हणजे... तुमचा दोष नाही असं म्हणते मी."

"दोष? पोरी, त्या हाटेलात आमी धा जन व्हतो. टेबलावरच झोपायचो सगळी. नऊजन कपबश्या धुवून थकली. भट्टीवर मी उभा ऱ्हायलो. शेट आजारी पडला तवा हाटेल मी चालवलं. त्ये काय खोलीनं शिकवलं मला? का खोली नव्हती तिनं शिकवलं?"

आता नात पुन्हा अडकली. मला हसू आवरेना. तिने त्याच्या बाजूने एवढा वाद घातला आणि म्हातारा तिच्यावरच रागावला! त्या अमेरिकेतसुद्धा असं होत असणार. गरिबाची बाजू घेणाऱ्याने त्याचं कर्तृत्वच काढून घेतलं, तर तो काय गप्प बसेल?

तेव्हा कपबश्या गोळा करत त्याची नात बोलली. तिचं बोलणं कसं, बाटलीवर चिठ्ठी लावल्यासारखं. "आज्या, कुठे जायचं ते खोलीने ठरवलं. तिथे जाऊन काय करायचं ते तू ठरवलंस. दोन्ही लिही गो," माझ्या नातीला म्हणाली, "आणि मग मला सांगा, एक तारखेला मी कुठे झोपू?"

येताना आम्ही चालत उतरलो. नात म्हणाली, "आजी, ही एका माणसाची गोष्ट झाली. अभ्यासात अशा एकावर भागत नाही, पुष्कळ लागतात." मी म्हटलं, तुझ्या अभ्यासाचं तू बघ, मला एक पुरला. चाळीस वर्षं मी त्या माणसाला लग्नाकार्याला बोलावलं, तुमच्या हाताला चव हो, असं कौतुक केलं, आणि कौतुक करून पुन्हा चुलाणाकडेच पाठवलं. पहिल्या पंगतीला बसा, असं एकदाही म्हटलेलं आठवत नाही.

पालखीच्या दिवशी सकाळी सभा भरली. आमच्याकडे सहाण म्हणतात, म्हणजे देवळापुढचा दगडी चौथरा, पालखी त्याच्यावर बसते. पुरुष समोर, आम्ही बायका कडेला. वरची मुलगी आजोबाला घेऊन लांब उभी होती. दिरांनी अर्ज वाचला आणि घसा साफ केला.

"मुलगी हुशार आहे. कोण नाही म्हणतं? पण नियम म्हणजे नियम. आज एकीला दिली तर उद्या सगळी वरची वाडी दारात."

"येऊ दे की," मी म्हटलं.

"वहिनी, सभेत बायका बोलत नाहीत."

"बायका कुठे बोलतात? मी एकटीच बोलते आहे. भाऊजी, नियम केला कोणी?"

"वाडवडिलांनी."

"का केला?"

दिरांनी इकडे तिकडे बघितलं. का केला हे त्यांना कोणी विचारलेलंच नव्हतं. शेवटी गावातले सगळ्यात म्हातारे होते ते बसल्या जागेवरून म्हणाले, "चढ व्हता."

"काय होता?"

"चढ रे चढ. पाखाडीची वाट व्हती, दगडांची. माज्या आज्याच्या टायमाला एक भोई घसारला न् पालखी वाकडी झाली. तवापासून वर न्यायाची बंद केली. बाकी काय नाय."

मला तर कोणीतरी ताटात वाढून दिल्यासारखं झालं. मी म्हटलं, "म्हणजे चढ होता म्हणून पालखी नाही. पालखी नाही म्हणून खोली नाही. खोली नाही म्हणून हॉटेल. आणि आपण इथे बसून म्हणतो, काय बाई ह्यांच्या हाताला चव!"

बायका हसल्या. पुरुषही हसले, पण दिरांकडे बघून जरा कमी.

"आता वर सिमेंटचा रस्ता आहे," मी म्हटलं. "सिलिंडर जातात, मंडपवाला जातो, मतं मागायला तर तुम्ही सगळे धापा न टाकता जाता. चढ काय तो देवालाच लागतो का?"

दीर काही वाईट माणूस नव्हे. पण अध्यक्षाला सगळ्यांसमोर ‘बरं’ म्हणता येत नाही. ते म्हणाले, "पालखीची वाट बदलायची तर देवाला कौल लावावा लागेल. आणि कौल शिमगा उरकल्यावर."

शिमगा उरकेपर्यंत एक तारीख उलटून जाणार होती. वरच्या मुलीने आजोबाच्या दंडाला धरलं आणि दोघं परत फिरली. माझी नात माझ्या कानाशी म्हणाली, "बघितलंस? याला म्हणतात रचना." तिचा आवाज मात्र वादातला नव्हता, रडवेला होता.

तेवढ्यात ढोल वाजला आणि पालखी उठली.

इथे ज्यांना माहीत नाही त्यांना एक सांगायला हवं. आमची पालखी नुसती वाहून नेत नाहीत, नाचवतात. आणि नाचता नाचता ती ओढ घेते. देवाच्या मनात जिकडे असेल तिकडे ती खांदे देणाऱ्यांना खेचते, आणि ओढ घेतलेली पालखी अडवायची नाही, हा सगळ्यांत जुना नियम. खोलीच्या नियमाहून जुना.

पुढच्या दांड्याला माझे दोन पुतणे होते. दिरांचेच मुलगे, मुंबईला गावकीच्या खोलीत राहणारे. पालखी चार पावलं खाली गेली, डुलली, गर्रकन वळली आणि वरच्या रस्त्याला लागली.

"अरे कुटं? खाली रे, खाली!" दीर ओरडले. एरवी ते पुण्याच्या बातम्यांसारखं बोलतात, पण त्या घटकेला सगळं विसरले.

"आमी नाय नेत बाबा, तीच ओढतेय!" थोरला पुतण्या ओरडला.

गुरवाने डोळे मिटून हात जोडले. "जाऊ द्या. देव निघाला."

आता खरं सांगायचं तर, ते दोघे सकाळी माझ्याकडे घावणे खायला आले होते. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. एवढंच म्हटलं होतं, की तुमच्या आजोबांच्या वेळी पालखी फार ओढ घ्यायची, हल्ली घेत नाही, खांदे कच्चे झाले वाटतं. यात मी काय केलं? आणि देवाने ओढली नाही असं तरी मी कुठे म्हणते? देवालाही कोणाच्या तरी खांद्यानेच जावं लागतं.

ढोल पुढे, पालखी मधे, आम्ही सगळे मागे, आणि सगळ्यांच्या मागे अनवाणी दीर. म्हातारा आणि त्याची नात अर्ध्या वाटेत होती. मागे वळून बघितलं, आणि ती मुलगी जी धावत सुटली! कारण वर कोणाची काही तयारीच नाही. पालखी दारात आली तर काय करायचं, हे त्या वाडीत कोणाला माहीत असणार? आम्ही पोचलो तर बायका दारादारात उभ्या, कोणाचे हात पिठाचे, कोणाच्या खांद्यावर ओले कपडे. मुलीची आई मला म्हणाली, "वैनी, काय करू? पाट न्हाय, चौरंग न्हाय, रांगोळीबी न्हाय." मी म्हटलं, पाय धुवायला पाणी आण आणि आधी बसायला काहीतरी दे, ही पोरं आता खरोखर घसरतील.

आतून एक टेबल आलं. जुनं हॉटेलातलं, वर सनमायका लावलेलं, कडेला उडालेलं. म्हाताऱ्याचं हॉटेल बंद झालं तेव्हा शेटने आठवण म्हणून दिलेलं. त्याच्यावर देव बसला. टेबलाचा एक पाय आखूड होता, तिथे मुलीने तिच्याच अर्जाच्या नकलेची घडी घातली. आई ओवाळायला लागली. म्हातारा धापा टाकत पोचला, देवासमोर उभा राहिला, हात जोडले, आणि जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "बसा. काय आनू?"

मग जे हसले सगळे! देव हसला असेल तर ढोलाच्या आवाजात ऐकू आलं नाही. दीरसुद्धा हसले. पदराआड मी डोळे पुसले, ते हसूनच आले होते असं समजा.

दारात पालखी आली, नियम पुरा झाला. दिरांनी तिथेच, त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर चौथी खाट मंजूर केली. आता ते सगळ्यांना सांगतात, देवाची इच्छा मी आधीच ओळखली होती. पण वरच्या वाडीच्या दोघा मुलग्यांनी पुरुषांच्या खोलीसाठी विचारलं, तर म्हणाले, पालखी एकाच दारात थांबली होती, वाडीभर फिरली नव्हती. म्हणजे पुढच्या वर्षीचा चढ अजून आहेच. माझ्या नातीचा वर्गातला वादही झाला. कोण जिंकलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, सरांनी दोघांनाही आणखी वाचून यायला सांगितलं.

मुलीला पोचवायला म्हातारा स्वतः मुंबईला गेला. चार माणसांनी सांगितलं, दमाल, कशाला जाता? ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला आणि वर जायच्या आधी माझ्या पडवीत टेकला. मी पाणी दिलं.

"कशी आहे हो खोली?" मी विचारलं. आमच्या पिढीच्या बायकांनी ती खोली कधी पाहिलेली नाही. नवरे तिथे, आम्ही इथे. ह्यांचं अर्धं आयुष्य ज्या भिंतींत गेलं, त्या मी मनानेच रंगवलेल्या.

म्हातारा उठला. पडवीच्या खांबापासून चार पावलं चालला आणि थांबला. "हितपरत."

"बस?"

"बस. पोरींची ही येवडी. शेजारची पुरुषांची, तीबी डोकावून बघितली. तेवडीच."

"एवढ्यात त्या वेळी बाराजण झोपायचे?"

"झोपायचे म्हनं." तो परत येऊन बसला. पाण्याचा तांब्या हातात फिरवत राहिला. "मला वाटायचं केवडी थोरली असंल. वैनी, मंग त्या दिशी जागाच नसंल हो. उगी आमी मनात धरलं."

मला त्याला ‘हो’ म्हणता आलं असतं. बरं वाटलं असतं दोघांनाही.

"जागा होती," मी म्हटलं. "हे मावले ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. "त्ये बी खरं."

उरलेलं पाणी पिऊन त्याने तांब्या खाली ठेवला. मग तो म्हणाला, "पोरीची खाट दाराच्या अंगाला हाय. वारा चांगला येतो."